नवं गाणं घरी कोण आणतं?

आमच्या लहानपणी नवं गाणं शोधायला कुणी घराबाहेर पडत नसे. ते आपल्या पायांनी घरी यायचं. सांगलीच्या गावभागात आमचं एकत्र कुटुंब होतं. सख्खी, चुलत, आते अशी सगळी भावंडं १९५५ ते १९७० या काळात जन्मलेली, आणि सगळ्यांचे कान एकाच रेडिओवर तयार झालेले. आता कुणी पुण्यात, कुणी नाशिकला, एक इंदूरला, एक थेट न्यू जर्सीत. भाऊबीजेला जमतील तेवढे जमतो. जेवणं आटोपली, पानसुपारी झाली की गाण्यांचा विषय निघतो आणि कुणीतरी म्हणतंच, "हल्लीच्या गाण्यांत काही राहिलं नाही बघ." बाकीचे माना डोलावतात. हे वाक्य मला आता पटत नाही. का पटत नाही, ते नीट सांगायचं तर त्या रेडिओपासून सुरुवात करावी लागेल.

रेडिओ माजघरातल्या फळीवर असायचा. मर्फीचा, लाकडी पेटीचा, वर आजीने भरलेला रुमाल. त्याचं लायसन असे आणि दर वर्षी पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरावे लागत. बटण फिरवण्याचा अधिकार अप्पाकाकांचा. सांगली केंद्र खणखणीत लागे, पुणं बऱ्यापैकी, मुंबई हवेच्या मर्जीवर. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोन लावलं जाई, कारण तेव्हा 'बिनाका गीतमाला' असे. अमीन सायानी कुठलं गाणं कितव्या पायदानावर चढलं ते सांगत, आणि आमच्या घरात त्यावरून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाद चालत.

मराठी गाण्याची वाट मात्र वेगळ्या रीतीने बघितली जायची. मुंबई केंद्रावर यशवंत देवांच्या देखरेखीखाली 'भावसरगम' हा कार्यक्रम होई. त्यात एक नवं गाणं महिनाभर पुन्हा पुन्हा लागे. महिन्याला एक! आजच्या मुलांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. पण त्या एकाच गाण्याभोवती घर महिनाभर फिरायचं. पहिल्या वेळी चाल कळायची, दुसऱ्या वेळी शब्द, तिसऱ्या वेळी श्रीनिवास खळ्यांनी किंवा देवांनी एखाद्या शब्दावर ठेवलेली जागा. चौथ्या वेळी आई पोळ्या लाटता लाटता ते गुणगुणत असायची.

बेबीआत्या गाणी उतरवून घ्यायची. रेडिओवरचं गाणं थांबवता येत नाही, म्हणून तिने आणि माझ्या थोरल्या बहिणीने एक युक्ती काढली होती. पहिली ओळ आत्याने लिहायची, दुसरी ताईने, तिसरी पुन्हा आत्याने. गाणं संपलं की दोघी वही जुळवायला बसत. एखादा शब्द दोघींच्याही हातून निसटला तर तेवढी जागा रिकामी सोडायची आणि पुढच्या वेळी तो शब्द पकडायचा. ती वही आता माझ्याकडे आहे. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची, पाठीला कापडी पट्टी. प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात लाल शाईने 'क.', 'सं.', 'गा.' अशी अक्षरं आणि पुढे नावं. 'शुक्रतारा'च्या पानावर लिहिलंय: क. मंगेश पाडगावकर, सं. श्रीनिवास खळे, गा. अरुण दाते, सुधा मल्होत्रा. हे गाणं १९६२ सालचं. अरुण दाते तेव्हा कुणालाही फारसे ठाऊक नव्हते, इंदूरहून आलेले आणि कापड गिरणीच्या क्षेत्रात नोकरी करणारे. त्यांचं नाव आमच्या घरात आलं ते निवेदिकेने गाण्याआधी उच्चारलं म्हणून.

निवेदिका ही नावं कधी गाळत नसे. गाणं लागण्याआधी कवी, संगीतकार आणि गायक यांची नावं येणारच. त्यामुळे आम्हाला दहा-बारा वर्षांचं असताना पाडगावकर आणि गदिमा यांच्या शब्दांतला फरक कळायचा. खळ्यांची चाल की हृदयनाथांची, यावर पैज लागायची. हे आम्हाला शाळेने शिकवलं नाही, रेडिओने शिकवलं.

आईच्या पिढीने तर याहून मोठा सोहळा पाहिला होता. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. दर आठवड्याला एक कोरं गाणं, वर्षभर. त्या वर्षी अधिक महिना आल्याने गाणी छप्पन्न झाली. आई तेव्हा माहेरी होती. शेजारपाजारच्या बायका उदबत्ती लावून रेडिओपुढे बसायच्या, असं ती सांगे. आज ते काव्य आपल्याला अभिजात वाटतं. पण १९५५ साली ते 'नवीन गाणं' होतं, आणि पुढच्या आठवड्याचं गाणं कसं निघेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे सगळं सोन्यासारखं होतं, यात मला शंका नाही. पण बेबीआत्याची वही उघडली की आणखी एक गोष्ट दिसते. तिच्यातली निम्मी गाणी मला अनोळखी आहेत. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. मागच्या दिवाळीत मी वही घेऊन तिच्याशेजारी बसले आणि एकेक पान तिला वाचून दाखवलं. कित्येक पानांवर ती थांबली आणि म्हणाली, "अगं, हे मी लिहिलंय खरं, पण चाल काही आठवत नाही." अक्षर तिचं, शाई तिची, एकेक शब्द जीव लावून टिपलेला, आणि गाणं मात्र पुसून गेलेलं. म्हणजे तेव्हाही साधी, सपक, एका ऋतूपुरती गाणी ढीगभर होती. काळाने ती गाळली आणि उरलेली आमच्या हाती ठेवली. आज आम्ही त्या काळातली निवडक पन्नास गाणी एका पारड्यात घालतो आणि दुसऱ्या पारड्यात आजचं सगळं न निवडलेलं धान्य. तुलना अशी करायची नसते.

आणि आमच्या वडीलधाऱ्यांना तरी आमची गाणी कुठे आवडत होती? आजोबांनी सांगलीत बळवंत संगीत मंडळीची नाटकं पाहिली होती. मास्टर दीनानाथांची तान ज्या कानांनी ऐकली त्यांना भावगीत पचणं शक्य नव्हतं. तीन मिनिटांत काय गाणं होतं, असं ते म्हणत. रागाने नव्हे, मनापासून वाईट वाटून म्हणत. 'जैत रे जैत' चित्रपटाची गाणी १९७७ साली आली तेव्हा ताई नि मी वेड्या झालो होतो. महानोरांचे ते रानातले शब्द, हृदयनाथांच्या त्या अवघड, वळसे घेत जाणाऱ्या चाली! अप्पाकाकांना त्यातला ठेका रानटी वाटला. आज त्यांचीच मुलं त्या गाण्यांचं नाव निघालं की हळवी होतात.

नवं गाणं वाईट, हे मत एकदा तर दिल्लीच्या सत्तेपर्यंत पोचलं होतं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, १९५२ मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं निस्सीम प्रेम होतं आणि त्यांनी त्यासाठी फार मोठं कामही केलं. पण सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. आता बघा, १९५२ म्हणजे नौशादांच्या 'बैजू बावरा'चं वर्ष. ज्या काळाला आपण आज सुवर्णकाळ म्हणतो, त्याच काळातल्या गाण्यांवर त्याच काळात दार लावलं गेलं होतं.

आमच्या घरी गाणं चालत यायचं, असं मी वर म्हटलं. पण सगळं गाणं येत नसे. अण्णाभाऊ साठे आमच्याच जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची 'माझी मैना' गावोगावी गाजली. माणसं ती ऐकायला मैदानं भरून जमत. आमच्या माजघरातल्या रेडिओवर ती आम्ही कधी ऐकली नाही. मला ती प्रथम ऐकायला मिळाली कॉलेजात, एका मैत्रिणीच्या वडिलांच्या तोंडून. मिरजेजवळच्या त्यांच्या वस्तीवर ते डफ घेऊन बसायचे. त्या संध्याकाळी मला कळलं की सर्वोत्तम गाणं घरपोच मिळतं हा आमचा भ्रम होता. घरपोच मिळायचं ते कुणीतरी निवडलेलं. उरलेल्यासाठी तेव्हाही उठून दुसऱ्याच्या दारात जावं लागत होतं.

मग कॅसेट आली. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर घरोघर झाला आणि अप्पाकाकांचा बटणावरचा अधिकार संपला. रेडिओने जे कधी आमच्यापर्यंत पोचवलं नव्हतं ते कॅसेटने पोचवलं. प्रल्हाद शिंदे यांचा तो कमावलेला, मोकळा आवाज गणपतीच्या मांडवातून थेट आमच्या ओसरीवर आला. हरभट रोडवर कॅसेटचं एक छोटं दुकान होतं. आपण चिठ्ठीवर गाण्यांची यादी लिहून न्यायची, दुकानदार ती साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा. यादीत गाणी कमी पडली की शेवटी थोडी टेप उरे. तिथे तो आपल्या मनाने एखादं नवं गाणं घालायचा आणि म्हणायचा, "हे ऐकून बघा, नाही आवडलं तर पुसून देतो." त्या उरलेल्या टेपवर आम्हाला किती गाणी मिळाली! पुण्यात कर्वे रस्त्यावर अलूरकर होते, मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस होतं. ही दुकानं म्हणजे नुसती विक्री नव्हती. गल्ल्यामागचा माणूस तुमचं तोंड बघून कॅसेट पुढे करायचा.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' आला. माझ्या धाकट्या चुलतभावाने तो आणला. गाण्यांच्या मध्ये कविता, तीही बोलल्यासारखी म्हटलेली. नंतर संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचं 'आयुष्यावर बोलू काही' आलं. आमच्या पिढीने ही दोन्ही आपली मानली. माझ्या मते आमच्यापैकी बहुतेकांचं नवं ऐकणं त्याच्या पुढेमागेच थांबलं. गाणी थांबली नव्हती. गाणं आणून देणारी माणसं थांबली होती. मुंबईत खासगी एफएम केंद्रं आली आणि त्यांच्यावर मराठी गाणं औषधालाही लागेना. त्याच चिडीतून कौशल इनामदार यांनी सुरेश भटांच्या शब्दांवर 'मराठी अभिमानगीत' बांधलं, चारशेहून अधिक गळे त्यात मिळवले आणि २०१० च्या मराठी भाषा दिनाला ते लोकांपुढे ठेवलं. कॅसेटमागोमाग सीडीही गेली. २०१६ मध्ये ऱ्हिदम हाउस बंद झालं. हरभट रोडवरच्या आमच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

दुसऱ्या बाजूला गाण्यांचा पूर आला. जगभरात रोज सुमारे एक लाख नवी गाणी ॲपवर चढतात, असं बड्या संगीत कंपन्यांच्या प्रमुखांनी २०२२ मध्ये सांगितलं होतं. महिन्याला एक आणि दिवसाला लाख! यात कुणीही गांगरून जाईल. गांगरलेला माणूस ओळखीच्या घरी जातो, तसे आम्ही जुन्या गाण्यांकडे गेलो. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांना तिकिटं मिळत नाहीत. २००९ च्या सुमारास 'लिटिल चॅम्प्स'मधल्या त्या पाच मुलांनी महाराष्ट्राला वेड लावलं. कसले गळे होते ते! पण आम्ही त्यांच्याकडून काय गाऊन घेतलं? आमचीच गाणी. ती मुलं आता मोठी झाली, त्यांनी स्वतःची गाणी केली, तरी मंचावर त्यांना फर्माईश होते ती पन्नास वर्षांपूर्वीच्या गाण्याची. नव्या गायकाला नवं गाऊ द्यायचं नाही आणि वर नवं काही होत नाही म्हणायचं, हा अन्याय आहे.

तक्रारीला जागा नाही असं नाही. मुखडा बरा जमतो आणि अंतरा येतच नाही, हे आजच्या फार गाण्यांत होतं. तीस सेकंदांच्या चित्रफितीसाठी गाणं बांधलं की दुसऱ्या अंतऱ्यात कवीला जे सांगायचं असतं ते सांगायचं राहून जातं. खळ्यांच्या गाण्यात खरी भेट कित्येकदा दुसऱ्या अंतऱ्यात व्हायची. जुनी गाणी नव्या ठेक्यावर पुन्हा काढण्याचा जो उद्योग चालतो, त्याने मला खरंच दुःख होतं. आणि वाद्यमेळ इतका चढा ठेवतात की शब्द खाली दबून जातो. मराठी गाणं शब्दावर उभं असतं, शब्दच ऐकू आला नाही तर ते कोसळतं.

पण हे म्हणताना कानावर पडलेलं दुसरंही सांगायला हवं. नाशिकच्या माझ्या बहिणीने 'गोदावरी' चित्रपट पाहिला. त्यातलं 'खळखळ गोदा' तिने एकटीने गच्चीवर बसून ऐकलं आणि मग आम्हा सगळ्यांना फोन केले. राहुल देशपांडे यांचा आवाज आपल्या ओळखीचा, पण तिला धरून ठेवलं ते शब्दांनी आणि चालीने. आत्याच्या तालमीतली ती. तिने नावं शोधून काढली: शब्द जितेंद्र जोशी यांचे, संगीत ए. व्ही. प्रफुल्लचंद्र यांचं. मग तिने त्याच संगीतकाराचं आणखी काय आहे ते पाहिलं, तर 'नाळ'मधलं 'जाऊ दे नं वं' निघालं, विदर्भाच्या बोलीतलं, लहान मुलाच्या आवाजातलं. तिचा नातू ते आधीपासून गातच होता. एका नावाचा धागा धरला आणि आजी-नातू एका गाण्यावर आले.

न्यू जर्सीच्या भावाची मुलगी सुट्टीत आली तेव्हा तिने मला 'द वारली रिव्होल्ट' ऐकवलं. मुंबईच्या 'स्वदेशी' या रॅप करणाऱ्या मुलांनी आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन २०१९ मध्ये केलेलं गाणं. रॅपला चाल नसते म्हणून मी कानात बोळे घालून बसले असते, तर फार मोठ्या गोष्टीला मुकले असते. भोईरांचा आवाज सुरू झाला आणि मला मिरजेजवळची ती वस्ती, तो डफ आठवला. जमिनीसाठी, झाडासाठी तालावर गाऱ्हाणं मांडणं ही तर आपली शाहिरीच. ती आता दुसऱ्या ठेक्यावर आलीय. आणि घरातल्या लग्नांत वाजणारं ते 'गुलाबी साडी', खानदेशातल्या संजू राठोडने स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं आणि २०२४ मध्ये जगभर नाचलं गेलेलं, ते माझ्या वहीत मी उतरवून घेणार नाही. पण कुठल्याही बड्या दाराशी उभं न राहता एका मुलाचं मराठी गाणं परदेशातल्या माणसांना नाचवतं, याचा मला आनंद आहे. अरुण दात्यांना रेडिओची चाचणी पार करावी लागली होती. त्या चाचणीने जितकी माणसं दिली तितकी अडवलीही असतील.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नवं चांगलं गाणं आहे, आणि शोधण्याच्या कष्टाचं मोल ते देतं. हरवलंय ते एवढंच, की ते कुणाचं आहे हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. मोबाईलवर गाणं लावलं की नायक-नायिकेचा फोटो दिसतो, गायकाचं नाव दिसतं, कंपनीचं तर दिसतंच. संगीतकार कुठेतरी तळाशी. कवीचं नाव शोधायला बोट झिजवावं लागतं, आणि तरी कित्येकदा मिळत नाही. जुन्या गाण्यांची काळजी 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळाने घेतली. हजारो गाण्यांचे शब्द, कवी, संगीतकार, गायक, राग, सगळं तिथे निष्ठेने नोंदलंय. आजच्या गाण्यांचं असं कोण करणार? नाव कळलं तर त्या माणसाचं दुसरं गाणं शोधता येतं, दुसऱ्यावरून तिसरं. नाव नसेल तर प्रत्येक गाणं अनाथ आणि ऐकणारा दर वेळी नवखा.

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर आम्ही यंदापासून एक नियम केलाय. महिन्याला एकाने एकच नवं मराठी गाणं टाकायचं, गेल्या दहा वर्षांतलं. बाकीच्यांनी ते महिन्यात चार वेळा तरी ऐकायचं आणि मगच मत द्यायचं. आवडलं नाही तर तसं सांगायची मुभा आहे, चार वेळा ऐकण्याआधी नाही. तुम्हीही आपल्या घरी हे करून बघा. आणि गाणं पुढे पाठवाल तेव्हा त्याच्याखाली कवीचं, संगीतकाराचं आणि गायकाचं नाव लिहायला विसरू नका.